गॅरेजमधून : आजोबांच्या काठीचं कातडं



गेल्या वर्षी याच पानावर आपण फुटलेला पाट जोडला होता. त्यानंतर बऱ्याच जणांनी आपापल्या पाटांचे फोटो पाठवले. एकीने तर पाट जोडता जोडता गॅरेजच्या फरशीलाच चिकटवला, त्याचाही फोटो आला. असेच फोटो पाठवत राहा. चुकांचे आधी पाठवा, त्यातून शिकायला जास्त मिळतं.

यंदाचा विषय थोडा वेगळा आहे. विषय आहे काठी, छत्री आणि चाबूक यांच्या मुठीवर बसवायच्या कच्च्या कातड्याच्या पट्ट्या आणि कड्या. "आमच्या घरात चाबूक कुठला?" असं तुम्ही म्हणाल. चाबूक नसेल, पण आईवडिलांची काठी असेल, लांब दांड्याची काळी छत्री असेल. मूठ आणि दांडा जिथे जुळतात तो सांधा काही वर्षांनी खिळखिळा होतो. तिथे धातूचं कडं बसवता येतं, पण ते हाताला गार लागतं आणि लाकूड आक्रसलं की सैल पडतं. कच्च्या कातड्याची पट्टी ओली असताना शिवली की वाळताना ती स्वतःच आवळते. ना खिळा, ना स्क्रू.

मला हा उद्योग करावा लागला तो आईच्या काठीमुळे. ही काठी मूळची माझ्या आजोबांची, म्हणजे आईच्या वडिलांची. दांडा वेताचा, मूठ शिसवीची आणि सांध्यावर चार सेंटिमीटरची कातडी पट्टी. आई तीन वर्षांपूर्वी साताऱ्याकडून आमच्याकडे मॅसॅच्युसेट्सला आली, तेव्हा बाकी सगळं सामान सोडून आली, पण काठी घेऊन आली. इथल्या जानेवारीत घरात हीटिंग सतत चालू असतं आणि हवा इतकी कोरडी होते की आपले ओठ फुटतात. तसंच त्या पट्टीचं झालं. पंच्याहत्तर वर्षं साताऱ्याचा पाऊस आणि ऊन सोसलेली पट्टी आमच्या सेंट्रल हीटिंगपुढे हरली. शिवणीजवळ तडकली आणि मूठ डुगडुगायला लागली.

कच्चं कातडं म्हणजे काय?

जनावराच्या कातड्यावरचे केस आणि आतलं मांस काढून, ताणून ते नुसतं वाळवलं की झालं कच्चं कातडं. इथे त्याला रॉहाइड म्हणतात. कमावलेलं चामडं वेगळं. आपली चप्पल, पट्टा, पाकीट कमावलेल्या चामड्याचे असतात. कमावताना बाभळीच्या सालीतलं टॅनिन किंवा क्रोमियमचे क्षार कातड्यात मुरवतात, मग ते मऊ राहतं आणि सहज कुजत नाही. कच्च्या कातड्यात असं काही मुरवलेलं नसतं. ते भिजलं की मऊ, वाळलं की शिंगासारखं टणक. वाळताना त्यातले कोलॅजेनचे धागे जवळ येतात आणि सगळी पट्टी आवळते.

घरात कातडं म्हटल्यावर काहींना कसंसंच होईल. पण ज्यांची मुलं तबला शिकतात, त्यांच्या घरात ते आधीपासूनच आहे. तबल्याची पुडी म्हणजे बकऱ्याचं कच्चं कातडंच. ढोलकीचंही तेच आणि कीर्तनातल्या पखवाजाचंही.

माल आणि हत्यारं

इथे गाईचं कच्चं कातडं सगळीकडे मिळतं. आमच्या घरात ते चाललं नसतं, म्हणून मी ढोलांसाठी विकतात ते कातडं मागवलं: पट्टीसाठी एल्कचं, साधारण दोन मिलिमीटर जाड, आणि कडीसाठी बकऱ्याचं, एक मिलिमीटरच्या आसपास. नुसता सराव करायचा असेल तर पेट स्टोअरमध्ये कुत्र्यांना चघळायला मिळतात ती रॉहाइडची गुंडाळलेली हाडं घ्या. रात्रभर भिजवली की उलगडतात. त्यांचं कातडं तितकंसं मजबूत नसतं, पण चुका करायला स्वस्त पडतात. फक्त भिजवायला स्वयंपाकघरातलं पातेलं घेऊ नका. मी घेतलं होतं. त्या पातेल्याचा मुक्काम आता कायमचा गॅरेजमध्ये आहे.

हत्यारं थोडी लागतात: धारदार सुरी, आरी, दोन बोथट सुया, मेण लावलेला जाड दोरा आणि मोजपट्टी. मापं मी मिलिमीटरमध्येच देतो. इंचांची सवय मला चाळीस वर्षांत लागली नाही.

काठीची पट्टी

सांध्यावर कागदाची पट्टी गुंडाळून परीघ मोजा. पंचवीस मिलिमीटर जाडीच्या काठीचा परीघ सुमारे ७८ मिलिमीटर येतो. कातडं ७५ मिलिमीटरच कापा. ओलं कातडं ताणलं जातं, त्यामुळे कडा एकमेकींना भिडतात. एकमेकींवर चढवू नका, नाहीतर तिथे उंचवटा राहतो आणि हाताला टोचतो.

कातडं थंड पाण्यात भिजवा. बकऱ्याच्या कातड्याला तासभर पुरतो, एल्कच्या जाड कातड्याला रात्रभर. मग पाण्यातून काढून टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवा. वापरताना ते थेंब गळणारं नको, पोळीच्या मळलेल्या कणकेसारखं नुसतं दमट हवं.

आता माझ्या चुका क्रमाने सांगतो.

पहिली चूक घाईची. मी किटलीतलं गरम पाणी ओतलं. दोन मिनिटांत कातड्याचा पापड झाला. तळलेल्या पापडासारखं वळून इतकंसं झालं आणि पुन्हा काही सरळ होईना. कोलॅजेनचे धागे साठ अंशांच्या पुढे कायमचे आक्रसतात. कॉलेजात केमिस्ट्री शिकणाऱ्या मुलीने हे मला नंतर समजावलं. आधी का नाही सांगितलं, असं विचारलं तर म्हणाली, "बाबा, तुम्ही विचारलंच नाहीत."

दुसरी चूक ओलेपणाची. चिंब कातडं ताणून शिवलं. वाळल्यावर ते इतकं आक्रसलं की दोन कडांमध्ये बोटाचं नख जाईल एवढी फट पडली.

तिसरी चूक भोकांची. मी पंचने सुबक गोल भोकं पाडली, काठापासून तीन मिलिमीटर आत, पाच-पाच मिलिमीटरवर. शिवण देखणी झाली. दोन दिवसांनी पाहतो तो प्रत्येक भोक लांबट झालेलं आणि तीन ठिकाणी दोऱ्याने कातडं फाडलेलं.

आजोबांच्या काठीवरच्या जुन्या पट्टीत असं का झालं नव्हतं? भिंगातून पाहिलं तर तिला भोकंच दिसत नव्हती. दोरासुद्धा बाहेरून जेमतेम दिसत होता. चाळीस वर्षं इंजिनियर म्हणून काम केलेला मी ती शिवण दोन आठवडे नुसती न्याहाळत बसलो.

टाका

ऑगस्टमध्ये आपल्या मंडळातले एक मित्र गणपतीच्या मखराचं सामान न्यायला गॅरेजमध्ये आले. बाकावर काठी पडली होती. त्यांनी ती उचलली, पट्टीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "टाका जाडीतून घेतलाय. आरी आरपार नेलेलीच नाही."

मी म्हणालो, "तुम्हाला कसं कळलं?"

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आजोबा करायचे."

आमची ओळख एकवीस वर्षांची. एकत्र नाटकं बसवली, एकमेकांची मुलं शाळेतून आणली. मला हे माहीत नव्हतं, कारण त्यांनी कधी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. त्यांचे आजोबा गावात कातड्याचं काम करायचे. मुलाने शिकायचं ठरवलं तेव्हा आजोबांनी बाबासाहेबांचं ऐकून ते काम सोडलं आणि रापी आणि आरी एका डब्यात घालून माळ्यावर टाकली. मुलगा कारकून झाला, नातू इंजिनियर झाला. सुट्टीत गावी गेल्यावर नातवाने माळ्यावरचा डबा शोधून काढला. आजोबांनी आधी रागावून तो काढून घेतला आणि मग एका दुपारी, कोणी बघत नसताना, एक टाका शिकवला.

तो टाका त्यांनी मला माझ्या गॅरेजमध्ये शिकवला. तो असा: भोक पाडायचं नाही, कारण भोक पाडताना कातडं निघून जातं आणि वाळताना ती जागा ताणली जाऊन मोठी होते. आरीने नुसती चीर द्यायची. आरी काठापासून तीन मिलिमीटरवर वरून घालायची, पण खालून बाहेर काढायची नाही. ती तिरकी नेऊन कातड्याच्या जाडीतून काठाच्या मधोमध काढायची. समोरच्या काठाला तसंच उलट. दोन सुया घेऊन दोरा दोन्हीकडून ओढला की काठाला काठ भिडतो आणि दोरा आतच राहतो. वाळताना चीर दोऱ्याभोवती मिटते, म्हणजे कातडं स्वतःच गाठ धरतं. शिवण संपली की सावलीत दोन-तीन दिवस ठेवा. ऊन नको, हीटर नको, हेअर ड्रायर तर मुळीच नको.

मी विचारलं, "हे तुमच्या नावाने लिहू का?" ते म्हणाले, "टाका लिहा. नाव नको." त्यांच्या परवानगीने तेवढंच लिहितो आहे.

कडी, आणि मुलांसाठी एक गणित

पट्टीच्या खालच्या कडेला विणलेली कडी घातली की कड उसवत नाही. हिला इथे टर्क्स हेड म्हणतात. ही म्हणजे गोल फिरून स्वतःला मिळालेली तिपेडी वेणी, पण एकाच वादीने विणलेली.

वादी काढायची युक्ती सोपी आहे. दहा सेंटिमीटर व्यासाची चकती कापा आणि कडेकडेने गोल गोल आत जात तीन मिलिमीटर रुंदीची पट्टी काढत जा. एवढ्याशा चकतीतून जवळजवळ अडीच मीटर वादी निघते. ओली करून हलकी ताणली की सरळ होते. वरच्या दोन्ही धारा सुरीने किंचित तासा, म्हणजे कडी हाताला गुळगुळीत लागते. एकेरी कडीला परिघाच्या पाचपट वादी धरा, दुहेरीला दहापट. आपल्या काठीच्या दुहेरी कडीला ८० सेंटिमीटर पुरते.

मुलांनो, आता गणित तुमच्यासाठी. तीन पेडांच्या कडीला काठावर चार, पाच, सात किंवा आठ वळणं देता येतात. सहा देऊन पाहा. वादी वेळेआधीच सुरुवातीच्या जागी परत येते आणि कडी अर्धवट राहते. नियम असा की पेड आणि वळणं यांचा मसावि एक हवा. शाळेत मसावि कशाला शिकतो असा प्रश्न पडला असेल तर त्याचं एक उत्तर हे घ्या.

छत्री आणि चाबूक

छत्रीची मूठ काठीसारखीच करायची, फक्त पाण्यापासून जपायची. कच्चं कातडं भिजलं की पुन्हा मऊ पडतं. म्हणून ते पूर्ण वाळल्यावर लाखेच्या पॉलिशचे तीन पातळ हात द्या. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवली की हे पॉलिश तयार होतं. दोन हातांमध्ये एक दिवस जाऊ द्या. छत्रीच्या खालच्या टोकाला मात्र कातडं लावू नका. ते टोक डबक्यात उभं राहतं.

चाबकाचं म्हणाल तर आपण या विषयाच्या माहेरघराजवळच राहतो. मासपाइकने पश्चिमेला गेलं की वेस्टफील्ड लागतं. हे गाव आजही स्वतःला व्हिप सिटी म्हणवतं. एकोणिसाव्या शतकात घोडागाड्यांचे चाबूक करण्यात या गावाचा हात देशात कोणी धरत नव्हतं. चाबूक ताठ आणि तरी लवचीक हवा, म्हणून त्याच्या गाभ्यात देवमाशाच्या जबड्यातलं बलीन, वेत किंवा कच्च्या कातड्याच्या निमुळत्या पट्ट्या घालत आणि वरून सुताची वीण. मग मोटारी आल्या आणि एकेक करत बहुतेक कारखाने बंद पडले. पश्चिमेकडे कॅलिफोर्नियात घोडेस्वारांसाठी कातडी वाद्या विणण्याची परंपरा मेक्सिकन व्हाकेरोंची. त्यातले थोर कारागीर लुईस ऑर्टेगा. या देशाच्या नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्सने १९८६ साली त्यांना नॅशनल हेरिटेज फेलोशिप दिली. लोककलेतला इथला हा सर्वोच्च सन्मान. कच्च्या कातड्याच्या वाद्या विणण्यासाठी.

हे वाचलं त्या रात्री मी आईजवळ जाऊन बसलो. काठीची पट्टी कोणी केली होती, असं विचारलं.

आईने सांगितलं ते

"काठी मीच नेऊन दिली होती," आई म्हणाली. "आठ-नऊ वर्षांची असेन. परड्यामागे बाभळीखाली तो बसायचा. त्याच्या हातात नाही द्यायची काठी. खाली ठेवायची, मग तो उचलायचा. चार दिवसांनी त्याने खाली ठेवली, मी उचलली. ओसरीवर आजीने तिच्यावर पाणी शिंपडलं आणि मग बाबांनी हातात घेतली."

"आणि मग?"

"मग काय? बाबा जाईपर्यंत ती त्यांच्या हातातच होती. रोज." थोड्या वेळाने ती म्हणाली, "तिथेच धरायचे रे ते. त्या पट्टीवर. मूठ मोठी होती त्यांच्या हाताला."

मी त्याचं नाव विचारलं. आईला आजही त्या गावातल्या बैलांची नावं आठवतात, विहिरींची नावं आठवतात. हे नाव आठवेना. ती बराच वेळ प्रयत्न करत होती. "सगळे जातीनेच हाक मारायचे," ती म्हणाली. "मीसुद्धा. अरे-तुरे करायचे मी. त्याला माझ्याएवढ्या नाती असतील."

आईला मी आजवर असं अवघडलेलं पाहिलं नव्हतं. "तेव्हा तसंच होतं गं," असं म्हणून मी तिला सोडवू शकलो असतो. तेव्हा तसंच होतं हे खरंही आहे. पण मी ते म्हणालो नाही, कारण एकवीस वर्षं मित्राला न विचारणारा मी तेव्हाचा नाही, आत्ताचा आहे.

आपण वाद्य देवापुढे ठेवतो आणि त्यावर हळदकुंकू वाहतो. ते कातडं ज्याने सोललं, चुन्यात भिजवलं, ताणलं, तो देवळाच्या बाहेर उभा राहिला. मी गॅरेजमध्ये चार महिने चुका केल्या तर घरच्यांनी कौतुक केलं आणि मंडळाने दिवाळी अंकात पानं दिली. त्या माणसाने चार दिवसांत बिनचूक काम केलं आणि त्याच्या कामावर पाणी शिंपडलं गेलं. मला जो छंद वाटतो, तो आपल्याच मंडळातल्या काहींच्या घरी सोडून यावा लागलेला वास आहे, लपवावं लागलेलं आडनाव आहे. हा लेख त्यांच्याही हातात पडणार आहे, हे लक्षात ठेवून लिहितो आहे. टाका आणि चीर यांत माझं काही नाही. जे आहे ते त्यांच्या घरातून आलेलं आहे.

शेवटचं

नवी पट्टी सप्टेंबरमध्ये बसली. शिवण जुनीइतकी सुरेख नाही, दोन ठिकाणी दोरा दिसतो, पण मूठ हलत नाही. घरात आर्द्रता राहावी म्हणून हिवाळ्यात एक ह्युमिडिफायर आणायचं ठरवलं आहे. तुमच्याकडे जुनी काठी किंवा तबला असेल तर तुम्हीही आणा. तबल्याची पुडीही हीटिंगने ताणते आणि फाटते.

मित्राला नवी काठी दाखवली. त्यांनी अंगठा फिरवला, दोन्ही चुका बरोबर शोधल्या आणि मग विचारलं, "जुनी पट्टी टाकली का?" नव्हती टाकली. त्यांनी ती मागून घेतली. रुमालात गुंडाळून खिशात ठेवली आणि मखराचा उरलेला थर्माकोल गाडीत भरायला गेले.

या वर्षी पट्टी किंवा कडी करून पाहाल तर फोटो जरूर पाठवा. आणि घरात जुनी काठी, ढोलकी, मोट, पखवाज, काहीही कातडी वस्तू असेल तर ती कोणी केली हे घरच्या मोठ्यांना विचारा. त्यांना नाव आठवलं तर मला कळवा. पुढच्या अंकात वस्तूच्या फोटोखाली ते छापू. आई अजून आठवते आहे.

पुढच्या दिवाळीत गॅरेजमधून: बांबूच्या कामट्यांचा आकाशकंदील, जो न्यू इंग्लंडच्या वाऱ्यात टिकेल.